‘आता पोरं पाठवू नका’

पत्र :

ताई, मी २८ वर्षांची. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, दोन वर्षं एका संस्थेत होते आणि गेली तीन वर्षं नाशिकजवळच्या एका खासगी विद्यापीठात समाज-सहभाग समन्वयक आहे. विद्यार्थ्यांना संस्थांशी जोडून द्यायचं, त्यांचे तास भरून घ्यायचे, शेवटी अहवाल करायचा. करार ११ महिन्यांचा, पगार २६ हजार. माझ्या यादीत ४१ संस्था आहेत आणि या सत्रात ६४० मुलं. ज्या संस्थेशी आमचं सगळ्यात जुनं नातं, तिथे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ५० मुलं घेऊन गेले. बायकांची बैठक ठरली होती. सकाळी अकराला पोचलो तर एकही बाई नाही, सगळ्या कांदा लागवडीला गेलेल्या. निघताना संस्थेच्या मावशी म्हणाल्या, ‘बाई, राग मानू नकोस, पण आता पोरं पाठवू नका.’ बाबा म्हणतात, ही कसली नोकरी, सेट-नेट दे आणि प्राध्यापक हो. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागातून जवळजवळ दुप्पट पगाराचं बोलावणं आलंय. मला हे काम मनापासून आवडतं. पण कुणी विचारलं की तू नेमकं काय करतेस, तर आता मलाच सांगता येत नाही. मागच्या वर्षीच्या सर्वेक्षणाचे २१२ फॉर्म अजून माझ्या कपाटात पडून आहेत. काय करू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर :

तू ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी या कामात बावीस वर्षं आहे, त्यातली बारा कॉलेजच्या बाजूनं आणि दहा संस्थेच्या बाजूनं. त्यामुळे तुझं पत्र वाचताना दोन्हीकडून बोचलं.

पगार, करार, सेट, सीएसआर, सगळ्याबद्दल बोलू. पण आधी मावशींचं वाक्य. ‘आता पोरं पाठवू नका.’ यातला ‘पाठवू’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. संस्थेकडून मुलांना मागणी आली नव्हती. सत्र सुरू झालं, तास भरायचे होते, बस ठरली आणि मुलं निघाली. इतक्या वर्षांच्या ओळखीमुळे मावशींनी तुला खरं सांगितलं. तुझ्या यादीतल्या उरलेल्या चाळीसपैकी बऱ्याच जणांना हेच वाटत असणार. ते बोलत नाहीत, कारण विद्यापीठाचं पत्र आलं की नाही म्हणणं त्यांना जड जातं. पाहुणा दारात उभा राहिला की आपल्याकडे आधी चहा टाकतात, मग अडचण सांगतात, आणि पुष्कळदा सांगतच नाहीत.

ही चूक माझ्याही हातून झालेली आहे. २००६च्या जानेवारीत, कॉलेजच्या बाजूनं, बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर नेलं. पोचलो तर निम्म्याहून अधिक घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. मागे म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली पोरं. आम्ही रस्ता झाडला, शाळेची भिंत रंगवली, संध्याकाळी पथनाट्य केलं. व्यसनमुक्तीवरचं ते नाटक पंधरा-वीस आज्यांनी शांतपणे बघितलं. शेवटच्या दिवशी त्यातल्या एकीनं मला विचारलं, ‘आमची माणसं दिवाळीनंतर जातात, पाडव्याच्या आगंमागं येतात. तुम्ही पाडव्यानंतर का येत न्हाई?’ मी म्हटलं, तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही बोलल्या नाहीत. पण आमच्या वेळापत्रकात त्यांचं गाव कुठेच नव्हतं, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

तुझ्या कांद्याच्या बैठकीत हेच झालं. डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळ कांद्याच्या लागवडीचा हंगाम. बाया सकाळी डबा बांधून टोळीनं जातात आणि दिवस मावळता परततात. अकराची वेळ तुझ्या बसला सोयीची होती. बैठक हवीच होती तर रात्री आठला, जेवणं उरकल्यावर, देवळापुढे घ्यायला हवी होती, आणि तीही पाच-सहा मुलींनीच. याहून चांगलं म्हणजे त्या दिवशी बैठक टाळून त्या सहा मुलींना वाफ्यात उतरवायचं. एक दिवस वाकून रोपं लावली की बाईची कंबर आणि दिवसाची मजुरी या दोन्हींबद्दल प्रश्नावलीत न मावणारं बरंच कळतं.

आता चांगलं काय असतं ते सांगते, कारण वाईटाचीच उजळणी केली तर तू उद्याच राजीनामा देशील.

मी संस्थेच्या बाजूला असताना एका गावातल्या आशाताईंनी आमच्यापाशी काळजी बोलून दाखवली. गावातल्या एका आडाच्या पाण्याबद्दल त्यांना शंका होती आणि तपासून द्यायला कुणी नव्हतं. मी जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांना भेटले. त्यांनी दुसऱ्या वर्षाचे नऊ विद्यार्थी दिले. पन्नास देतो म्हणत होते, मी नऊ मागितले. मुलांनी गावातल्या चौदा ठिकाणांचं पाणी बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून प्रयोगशाळेत नेलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्या आडाचं पाणी त्याच्या दुपटीच्या आसपास निघालं. आडाच्या वरच्या अंगाला, वीस पावलांवर, उकिरडा होता.

इथवर प्रयोगशाळेचं काम. खरा अभ्यास पुढे झाला. मुलं निकाल सांगायला परत गावात आली. (परत येणं हे मी आधीच कबूल करून घेतलं होतं. निकाल घेऊन परत यायचं नसेल तर नमुने न्यायचे नाहीत.) एक बाई म्हणाल्या, ‘आम्ही तर पाणी उकळून पितो, आम्हाला काय व्हायचंय?’ सगळी मुलं गप्प. वर्गात त्यांना शंभरपैकी नव्वद मिळाले असते, पण इथे शब्द सापडेना. मग एक मुलगी म्हणाली, ‘मावशी, आमटी आटली की जास्त खारट लागते ना? तसंच. उकळल्यावर पाणी उडून जातं, ते मागे राहतं.’ बाईंना पटलं. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात ते पाणी घालू नका, एवढं त्या दिवशी ठरलं. उकिरडा हलायला मात्र पुढची बॅच आली, ग्रामसभेत दोनदा विषय निघाला, एका घराची समजूत काढावी लागली. दीड वर्ष गेलं. ती मुलगी पुढे कुठे गेली मला ठाऊक नाही. पण द्रावण आटणं म्हणजे काय, हे ती जन्मात विसरणार नाही.

तू काय करतेस असं कुणी विचारलं तर हे सांग. गावाला किंवा संस्थेला एक अडलेली गोष्ट असते आणि वर्गात एक धडा असतो. त्या दोघांची गाठ पडेल अशी जागा शोधणं, आणि ती गाठ दुसऱ्या वर्षीही सुटू न देणं, हे तुझं काम. बस, बॅनर, हजेरी, अहवाल या त्याभोवतीच्या गोष्टी आहेत. तुझ्या जागेवर कामाचा भार इतका आहे की भोवतालचंच सगळं उरलं आणि मधलं सुटलं. यात तुझा दोष थोडा आहे. एका माणसाच्या अंगावर ६४० मुलं टाकणाऱ्यांचा बराच आहे.

एमएसडब्ल्यूचे दिवस आठव. आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्क, दर आठवड्याला आयसी म्हणजे मार्गदर्शकाशी एकट्यानं चर्चा, मधूनमधून जीसी म्हणजे गटात चर्चा, वही तपासून त्यावर सरांच्या किंवा मॅडमच्या खुणा. फील्डवर्कच्या संस्थेतही कुणीतरी तुझ्यावर लक्ष ठेवून असायचं. वस्तीत काही दिसलं की ते घेऊन बसायला माणूस होता. आता तू कॉमर्सच्या, इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याच वस्तीत सोडतेस आणि परतीच्या बसमध्ये गाणी लागतात. अनुभव घेतला, पण तो कुणी उलगडून दाखवला नाही, तर मुलं त्याचा जो अर्थ आधीपासून डोक्यात असतो तोच पक्का करून घरी जातात.

मी शेकडो वह्या वाचल्या आहेत. त्यांत सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य असं : ‘या लोकांकडे काही नसूनही ते किती समाधानी आहेत.’ हे वाक्य वाचलं की मला आजही वाईट वाटतं. पण त्याखाली लाल रेघ ओढू नकोस. मुलाला समोर बसव आणि विचार, हे तुला कुणाकडे बघून वाटलं? त्यांना तू काय विचारलंस? तू आलास तेव्हा त्या हसल्या, पण पाहुणा आल्यावर तुझी आईसुद्धा हसतेच ना? त्यांच्या घरात कर्ज किती, मुलगी शाळेतून का निघाली, हे तुला कळलं का? पंधरा मिनिटांत मुलगा स्वतःच ते वाक्य खोडतो. कितीतरी मुलांच्या तोंडून त्यानंतर ‘मी परत जाऊ का?’ असं मी ऐकलं आहे. ही पंधरा मिनिटं तुझ्या वेळापत्रकात कुठे आहेत? नसतील तर आधी ती घाल, मग बस ठरव.

बाबांना हे काम नवीन फॅड वाटत असेल तर त्यांना सांग की मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, ज्याला आज आपण टिस म्हणतो, ते नागपाड्याच्या वस्तीतल्या एका केंद्रातून. वस्तीतलं केंद्र आधी होतं, शिक्षणसंस्था तिथे मागून आली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. बाबा त्या काळानंतर कॉलेजात गेले असतील तर एनएसएसचं शिबिर त्यांनी केलेलं असेल किंवा मित्रांकडून ऐकलेलं असेल. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, हा हिशेब त्यांना माहीत असेल. त्यांना शिबिराबद्दलच विचारून बघ. माझ्या अनुभवात बाप मंडळी नोकरीवर वाद घालतात, पण शिबिराच्या आठवणीवर तासभर बोलतात.

नवीन आहे ते एवढंच की २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हे काम पदवीच्या क्रेडिटमध्ये आलं. ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाज-सहभाग उपक्रम) ही नावं आता प्रत्येक कॉलेजच्या जिन्यात ऐकू येतात. दोन क्रेडिट म्हणजे साठ तास. पूर्वी हौशी मुलं यायची, आता सगळ्यांनाच यावं लागतं. तुझ्यासारख्या माणसांची गरज त्यामुळे वाढली आहे आणि वाढत जाणार आहे, म्हणून करिअर आहे का या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे. पण धोकाही त्यातच आहे. संस्थेच्या लेटरहेडवर साठ तासांचं प्रमाणपत्र, खाली सही-शिक्का, आणि मुलानं संस्थेचं दारही पाहिलेलं नाही, असे कागद फिरू लागले आहेत. तुझ्यासमोर असा कागद आला तर तो परत कर. पहिल्यांदा केलास तर एक भांडण होईल. स्वीकारलास तर पुढच्या सत्रात तसे दोनशे येतील, आणि खरं काम करणारा मुलगा तुझ्याकडे बघून शहाणपण शिकेल.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी सांगते. बालगृहात मुलं नेत असशील तर मोबाइल दारात जमा करून घे. बाल न्याय कायद्यानं तिथल्या मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि हसऱ्या मुलांसोबतचा ग्रुप फोटो स्टेटसवर टाकणं म्हणजे तेच. शिवाय दर महिन्याला नवे दादा-ताई येऊन लळा लावतात आणि परत फिरकत नाहीत, हे त्या मुलांनी किती वेळा सोसायचं? वर्षभर दर शनिवारी येईन असं कबूल करणारी चार मुलं मिळाली तरच तिथे ने, नाहीतर नेऊ नकोस.

आता नोकरीचं. तुझा करार जूनमध्ये संपत असेल असं धरते. त्याआधी, मार्चमध्येच, वरिष्ठांकडे वेळ माग आणि लेखी मांडणी ने. ४१ संस्थांऐवजी दहा, पण प्रत्येकीशी तीन वर्षांचा शब्द. प्रत्येक विभागातून एक प्राध्यापक, जो मुलांबरोबर निदान तीनदा स्वतः जाईल आणि ज्याच्या अभ्यासक्रमाशी ते काम जोडलेलं असेल. बाकीच्या मुलांसाठी विद्यापीठाच्या आवारातलं, आसपासच्या वॉर्डातलं काम, जिथे बस लागत नाही. आणि जी संस्था आपल्या मुलांना शिकवते तिच्या कार्यकर्त्याला मानधन. हा शेवटचा मुद्दा ऐकून ते चकित होतील. त्यांना विचार, पाहुण्या व्याख्यात्याला तासाचे पैसे देतो ना? मग मावशी दिवसभर मुलांना वस्ती समजावून सांगतात, त्यांच्या घरचा चहा आणि पोहे खातो, त्याचं काय? मी संस्थेत होते तेव्हा आम्ही एका सत्रात पाच कॉलेजांची मुलं सांभाळली. त्या महिन्यांत आमच्या दोन कार्यकर्त्या गृहभेटींना जाऊच शकल्या नाहीत. आमचा वेळ गेला याची एकाही अहवालात नोंद नव्हती.

यातलं सगळं मिळणार नाही. पण दहा संस्था आणि तीन वर्षं एवढं मिळालं तर तिथेच राहा, पगार कमी असला तरी. त्यांनी काहीच मान्य केलं नाही, फक्त पुढच्या वर्षी आठशे मुलं कर म्हणाले, तर सोड आणि संस्थेच्या बाजूनं तरुणांबरोबर काम करता येईल असं ठिकाण शोध. आपल्याकडे तशी परंपरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी बाबा आमटेंनी १९६७ साली सुरू केली, गडचिरोलीच्या ‘सर्च’नं, म्हणजे अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेनं, २००६पासून ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम चालवलं. अशा ठिकाणी तुझ्या अनुभवाला मोल आहे, कारण विद्यापीठाचं कॅलेंडर आतून माहीत असलेला माणूस संस्थेत सहसा नसतो.

सेट मात्र दे. बाबांचा मुद्दा या एका बाबतीत बरोबर आहे, कारण वेगळं असलं तरी. विद्यापीठात समन्वयकाचं म्हणणं ऐकून घेतात आणि प्राध्यापकाचं इतिवृत्तात लिहितात. अभ्यास मंडळात बसून ‘हा विषय वस्तीत शिकवला पाहिजे’ असं म्हणायचं असेल तर ती पात्रता हाताशी असलेली बरी. नोकरी सोडून अभ्यासाला बसू नकोस, सोशल वर्कचा निम्मा पेपर तू रोज जगतेस.

सीएसआरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. काम वाईट नाही. कायद्यानं नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची म्हणजे तिथे पैसा आहे, आणि चांगली माणसं तो नीट पोचवतात. पण तिथे तू देणारी होशील आणि मावशी मागणाऱ्या. आज त्या तुला ‘पोरं पाठवू नका’ म्हणू शकल्या. धनादेश तुझ्या हातात आल्यावर हे वाक्य तुला कुणी ऐकवणार नाही. घरी कर्ज असेल, पैशाची खरी नड असेल तर जा, त्यात कमीपणा काहीच नाही. तशी नड पत्रात दिसली नाही, म्हणून माझा कौल राहण्याकडे आहे.

या सगळ्याच्या आधी एक काम कर. कपाटातले ते २१२ फॉर्म बाहेर काढ. दोन-तीन होतकरू मुलांना घेऊन चार दिवसांत बेरजा करून टाक : किती घरांत रेशनकार्ड नाही, किती बायकांचं बँक खाते बंद पडलंय, जे विचारलं होतं ते सगळं. एका पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत. आणि ते पान घेऊन मावशींकडे एकटी जा. विद्यापीठाची गाडी नको, पत्र नको, मुलं नकोत. पुढच्या सत्राचा विषय तू काढू नकोस. पान त्यांच्या हातात दे आणि यातलं बरोबर किती, चूक किती, एवढंच विचार. त्या बोलतील ते लिहून घे.

संध्याकाळची जा, सातनंतर. लागवड अजून चालू असेल.